ओवाळणीतला फोन

बुऱ्हाणपूर
संक्रांतीआधीचा रविवार, २०११

प्रिय निरंजन,

फोन कसा आहे ते नीट कळव, असं तू भाऊबीजेपासून मागे लागला आहेस आणि मी दर वेळी “छान आहे” म्हणून मोकळी होते. शाळेत एखाद्या मुलीने निबंधात नुसतं “छान” लिहिलं की मी त्याखाली लाल शाईने “का?” असं लिहिते, आणि स्वतः मात्र तेच करते. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. आई जेवून मधल्या खोलीत आडवी झाली आहे. वीज गेल्यामुळे मागच्या गल्लीतले यंत्रमाग बंद आहेत, त्यामुळे घरात कधी नव्हे ती शांतता आहे. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण तू “ताई, ऐक तर” म्हणालास की मी ऐकून घेते. ही माझी लहानपणापासूनची सवय आहे आणि तुला ती पक्की ठाऊक आहे. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

तर फोन. दिसायला देखणा आहे. काळा, गुळगुळीत, मुठीत मावणारा. अंगठ्याने वर सरकवला की खालून बटणं निघतात, आणि फोन आलेला असला तर तेवढ्या सरकवण्यानेच उचलला जातो. आईला हे फार आवडलं. हिरवं बटण कुठलं न्‌ लाल कुठलं हे तिला कधी लक्षात राहिलं नाही. आता ती कुंकवाचा करंडा उघडावा तसा फोन उघडते आणि “बोल नीरू” म्हणते, मग पलीकडे कोणीही असो. मागच्या सोमवारी गॅसवाल्याला तिने तू जेवलास का म्हणून विचारलं. आवाज मोठा आहे, सगळे माग चालू असतानाही रिंग ऐकू येते. बॅटरी बरी टिकते. तक्रार एकच आहे. आपल्या गल्लीत सुताची रुई उडत असते, ती सरकत्या फटीत जाऊन बसते, आणि मग फोन उघडताना कुरकुरतो. मी आठवड्यातून एकदा दिव्याची वात सारायच्या काडीने ती फट साफ करते. पुण्यात माग नाहीत, त्यामुळे तिकडे कोणाला हा दोष कळणार नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हाताळून पाहिला. अलका मॅडमना तर अगदी असाच हवा आहे. महागातला नाही आणि फोटो मात्र महागातल्यासारखे येतात, याचं त्यांना भारी कौतुक. मी घेऊ का, म्हणून त्या रोज विचारतात. त्यांना अजून मी उत्तर दिलेलं नाही.

त्या फटीत रुईबरोबर आणखी एक गोष्ट अडकली आहे, ती कितीही काडी घातली तरी निघत नाही. भाऊबीजेचं कुंकू. तुझं कुरियर आदल्या दिवशी आलं. या वर्षीही येणं जमत नाही म्हणालास, पूर्णिमाच्या माहेरी जायचं होतं. एरवी तू नसलास की मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. पण या वेळी आईच्या डोक्यात आलं, की नीरूने फोन पाठवलाय तर त्याच्यातच नीरूला बोलव. मग पाट मांडला, रांगोळी काढली, पाटावर रुमाल घालून त्यावर फोन ठेवला आणि स्पीकर लावून तुला ओवाळलं. तू तिकडून हसत होतास. “ताई, स्क्रीनला कुंकू नको लावू, खराब होईल,” म्हणालास. मी तरी वरच्या कडेला एक बोट टेकवलंच. शेजारच्या शोभावहिनी दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. नंतर त्यांनीच गल्लीभर सांगितलं, की भाऊ असावा तर असा, बहिणीला फोटोचा फोन पाठवतो. मला खोटं बोलायचं नाही. चार दिवस मी तो फोन हातात धरूनच गल्लीतून जात होते, पर्समध्ये ठेवत नव्हते.

कॅमेऱ्याची पहिली परीक्षा राजघाटावर घेतली. आईला रिक्षात घालून नेलं, कारण तिला कार्तिकात एकदा तरी तापीवर जायचं असतं. पाणी, नावा, पायऱ्यांवर वाळत घातलेल्या साड्या, सगळे फोटो काढले. पलीकडच्या काठावरच्या बकऱ्यासुद्धा मोजता येतील इतकं स्वच्छ आलं होतं. उजेड चांगला असला तर हा कॅमेरा काही लपवत नाही. घरात मात्र दुपारच्या आतच काढावे लागतात, संध्याकाळी दाणेदार येतात. हात हलला तर फसतं. आईचाही एक काढला होता, पण त्यात माझं बोट आलं. पुन्हा काढू म्हणाले आणि राहून गेलं. आई तेव्हापासून म्हणते आहे, “माझाबी एक काढ ना वं, नीरूला धाड. त्याला म्हणावं, पाय सुजलेत पण चेहरा तोच आहे.”

पण तुला आधी घराचे हवे होते. राजघाटाचे मेल केले ते पाहून तुझा फोन आला होता, आठवतं का? “कॅमेरा मस्त आहे गं. आता आपल्या घराचे काढ, सगळ्या खोल्यांचे. मला घराची फार आठवण येते.” तुझा आवाज थोडा जड झाला होता. सर्दी झाली असेल, पण मी त्याचा दुसरा अर्थ लावला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी याला दादांचं घर आठवलं. त्यांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर बांधलं, स्वतः उभं राहून विटांवर पाणी मारलं, आणि आईने त्यांच्याबरोबरचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत केला म्हणून तिच्या नावावर केलं. तेव्हा तू बारावीत होतास. गच्चीवर अभ्यासाला बसायचास आणि मी वर चहा आणून द्यायचे. दादा गेले, तू पुण्याला गेलास, मी इथेच राहिले. माझं लग्न का झालं नाही याची चर्चा आता नातेवाईकही करत नाहीत. हे घर आणि आई, एवढंच माझं आहे असं मी धरून चालले होते.

दोन दिवस मी घर आवरलं. जळमटं काढली, भांडी घासून मांडली, दादांच्या फोटोला नवा हार घातला. घराचे पहिले फोटो शनवारा भागातल्या सायबर कॅफेत जाऊन कार्डातून काढून तुला मेल केले. तुझं उत्तर आलं, की छान आहेत, पण मधल्या खोलीत आईची खाट आणि आई दिसते आहे, त्याने खोली लहान वाटते, जरा रिकामी करून काढ. मी हसले. मनात म्हटलं, साहेबांना आठवणीसुद्धा ऐसपैस हव्यात. आईला उठवलं, मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसवलं, खाट उभी करून मोरीजवळ लावली आणि रिकामी खोली काढली. आई अंगणातून विचारत होती, “झालं का वं? थंडी वाजते.” मी म्हणाले, थांब, नीरूला मोठी खोली पाहायची आहे. ती तशीच बसून राहिली. तुला मोठी खोली पाहायची म्हटल्यावर ती आणखी कितीही बसली असती.

मग तुझी दुसरी फर्माईश. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओल दिसते आहे, ती बाजू सोडून काढ. मला वाटलं, आपल्या माघारी घराची पडझड होते हे याला बघवत नसेल. मी खिडकीत उभी राहून, ओल पाठीमागे टाकून काढला. मग गच्ची, गच्चीवरची पाण्याची टाकी, मागच्या गल्लीत उघडणारं दार. विजेचं मीटरसुद्धा मागितलंस. मीटरची कोणाला आठवण येते रे? पण मी स्टुलावर चढून तेही काढलं. शेवटी म्हणालास, समोरचा रस्ता काढ, रिक्षा आत येते ते कळू दे. मी चौकातून लोटूची रिक्षा बोलावली आणि आपल्या दारासमोर उभी करायला लावली. लोटू म्हणाला, “मॅडम, माझ्या रिक्षाचा फोटो काय कू काढून राहिले? बेचना है क्या?” मी म्हणाले, तुझी रिक्षा कोण घेतो, माझ्या भावाला घरची आठवण येते. लोटूने मग स्वतः काच पुसली आणि रिक्षा थोडी तिरकी करून दिली, म्हणजे दाराची कमानही दिसेल. त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता, फक्त वस्तू चुकली. मला मात्र तो माझ्या तोंडावर विचारला तरी कळला नाही. तू असं काही करशील हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

गेल्या आठवड्यात, मी शाळेतून येऊन चपला काढत होते, तेव्हा बाहेर एक गाडी थांबली. नवरा, बायको आणि त्यांचा एक पुतण्या. केळीच्या वेफर्सचा धंदा आहे म्हणाले, बोलायला सभ्य होते. मला वाटलं पत्ता विचारायचा असेल. नवऱ्याने नमस्कार केला आणि म्हणाला, “निरंजनजी के यहाँ से आए हैं, बस एक बार देख लेते हैं।” तुझं नाव ऐकताच आई खाटेवरून उठली. तुझा मित्र आलाय म्हणून तिने मला चहा टाकायला लावला, आणि स्वतः डब्यातला दराबा बशीत काढला, जो तुझं आवडतं गोड म्हणून राखून ठेवला होता. मी आत चहा गाळत होते आणि बाहेरून त्या बाईचा आवाज येत होता. “ये वाला रूम फोटो में बड़ा लग रहा था।” मी गाळणी ठेवली आणि दाराशी आले. मग ती म्हणाली, मागचं दार कुठाय, आणि स्वतःच बरोबर मागच्या दाराकडे गेली. पुतण्या न विचारता जिना चढून टाकी बघून आला. नवऱ्याने मीटरकडे मान वर करून पाहिलं. जिथे जिथे मी उभी राहिले होते, तिथे तिथे ती माणसं जाऊन उभी राहत होती. स्वयंपाकघरात आल्यावर त्या बाईला ओल दिसली. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, “ये तो फोटो में नहीं था।” आणि मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्यांना फसवायला निघाले होते.

आईला यातलं काही कळलं नाही. तिला गुडघे धरून चालावं लागतं, तरी ती त्यांच्या मागे मागे फिरून सगळं दाखवत होती. या कोनाड्यात नीरूची पुस्तकं असायची. या गच्चीवर तो अभ्यास करायचा. ही तुळस मी पहिल्या दिवशी लावली. ती बाई मान डोलवत होती आणि नवऱ्याला हळूच सांगत होती, की हा ओटा काढला तर गाडी आत लागेल. जाताना त्यांनी आईच्या पायांना हात लावला. आईने तोंडभरून आशीर्वाद दिला. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले, तेव्हा घर कशाला पाहिलंत असं मी विचारलं, आणि त्या माणसाने मला सगळं साधेपणाने सांगितलं. त्याचा दोष नाही, त्याला वाटत होतं मला माहीत आहे. संक्रांतीला तू येणार, तेव्हा विक्रीचे कागद होणार. माताजी पुण्याला जाणार. आणि पुढे म्हणाला, “और आपका तो स्कूल की तरफ से क्वार्टर हो गया है ना, भाईसाहब बता रहे थे।” निरंजन, माझ्या शाळेला धड संडास नाहीत. क्वार्टर कुठलं? मला कुठे ठेवायचं हे तुला सुचलं नाही, म्हणून तू एक क्वार्टर मनाने बांधलंस आणि त्यात मला नेऊन टाकलंस.

मी हो म्हणाले. हो, झालंय क्वार्टर. परक्या माणसासमोर तुला खोटं पाडणं माझ्याने झालं नाही. घरात आले तर आई बशीतला उरलेला दराबा परत डब्यात भरत होती. “माणसं चांगली आहेत,” म्हणाली, “नीरूचे दोस्त चांगलेच असतात.” मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. नंतर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तुला पुण्यात फ्लॅट घ्यायचा आहे, पूर्णिमाला दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या जागेचा कंटाळा आला आहे, हे सगळं मला माहीत होतं. तू तसं सांगितलं असतंस तर मी भांडले असते, नक्की भांडले असते, दोन-चार महिने तुझ्याशी बोलले नसते. पण ते भांडण तरी आपलं असतं. तू मला भांडूही दिलं नाहीस. तू माझ्याच हातांनी घर आवरून घेतलंस, माझ्याच हातांनी आईला खोलीबाहेर काढलंस, आणि ते सगळं ओवाळणीच्या नावाखाली. मला दुसऱ्या दिवशी वाटलं होतं की काहीतरी गैरसमज असेल. तेवढ्यात तुझा फोन आला. “ताई, काल माझा एक मित्र येणार होता, आला का?” मित्र म्हणालास. मी “आला होता” एवढंच म्हणाले, म्हटलं आता तरी सांगेल. तू विचारलंस, “आईने काही विचारलं का?” मी नाही म्हणाले. तुझा सुटलेला श्वास मला इथे ऐकू आला. सांगितलं ना, फोनचा आवाज अगदी स्पष्ट येतो.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. घर आईचं आहे, सही तिची लागणार. माझं त्यात काही नाही, तू हे वकिलाला विचारलं असशीलच. आई कागद वाचणार नाही. तिला चष्म्याने दिसतं, वाचता येतं, पण तू पुढे केलेला कागद ती वाचणार नाही. तू पेन्शनचं काही सांगशील आणि ती तिळगुळाच्या हाताने सही करील, वर तुला म्हणेल की हात धुऊन येते, डाग पडेल. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मी सांगितलं तर ती माझ्यावरच चिडेल, नीरू असं करणार नाही म्हणेल, आणि मला तिचं ते बोलणं ऐकायचं नाही. तू सांगायचंस. पेन काढायच्या आधी, मधल्या खोलीत, तिची खाट जागेवर असताना, तिच्यासमोर बसून. घर विकतोय, तुला पुण्याला नेतोय, ताईचं काय करायचं ते ठरवलेलं नाही, एवढी तीन वाक्यं. न सांगता कागद पुढे केलास तर मी तो उचलून तिच्यासमोर मोठ्याने वाचीन, पहिल्या ओळीपासून. वर्गात वाचते तसा. सांगितल्यावर ती सही करो न करो, मी आड येणार नाही.

आणि ओवाळणी परत करत नाहीत म्हणून फोन ठेवून घेतला आहे. आज लिहायला बसण्याआधी त्याची फट पुन्हा साफ केली, कार्डातले घराचे सगळे फोटो पुसून जागा केली. तुझ्या सांगण्यावरून मी या घराची भिंत न्‌ भिंत काढली, आणि खास आईचा म्हणून एकही फोटो तुला पाठवला नाही. ती रोज आठवण करते. म्हणून तू तिला सांगायला बसशील, त्या वेळी मी समोर फोन उघडून उभी राहीन. दुपारच्या आत ये, घरात तेव्हाच उजेड चांगला असतो. तिच्या चेहऱ्यावर जे येईल ते सगळं त्या फोटोत येईल, कॅमेरा खरंच चांगला आहे. तो फोटो मी तुला पाठवीन. नव्या घरात लाव.

तुझी, अजून तरी,
प्रतिभाताई